हन्नेचा चेहरा उजळला तो कधी?

प्रश्न: आमच्या मंडळीच्या भगिनी मंडळात मला चार आठवडे ‘शास्त्रातील विश्वासू स्त्रिया’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. पंचवीस-तीस बायका असतात. कुणी शिक्षिका, कुणी शेतात जाणाऱ्या, दोघी-तिघी विधवा. या विषयावर आजवर जे संदेश ऐकले त्यांचं सार एकच होतं: नम्र राहा, सोसा, प्रार्थना करा, देव देईल. मला तेवढंच सांगून थांबायचं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई, जय ख्रिस्त.

मी २७ वर्षं भगिनी मंडळात वचन शिकवते आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एका चुकीपासून सुरू करावं लागेल, कारण जे काही शिकले ते तिथूनच.

सुरुवातीच्या वर्षांत मी हन्नेवर बोलले होते. सगळे बोलतात तसंच. हन्नेला मूल नव्हतं, ती रडून प्रार्थना करत राहिली, देवाने तिला शमुवेल दिला. तुम्हीही विश्वासाने मागा. सभा संपली, बायका निघाल्या. मी सतरंज्यांच्या घड्या घालत होते. मागच्या रांगेत बसणारी एक भगिनी जवळ आली. लग्नाला १४ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हळूच म्हणाली, “बाई, मग माझ्या रडण्यात काय कमी पडलं?” मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर कितीतरी महिने ती मंडळात आली नाही.

त्या रात्री मी बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा काढला आणि पहिल्यांदाच सावकाश वाचला. तुम्हीही तसाच वाचा. हन्नेच्या घरात काय चाललंय ते बघा. एलकानाच्या दोन बायका. पनिन्नेला मुलं आहेत आणि ती हन्नेला टोचून बोलते. हे वर्षानुवर्षं, तेही कधी? दरवर्षी शिलोला देवाच्या घरी जाताना! सणाच्या दिवशीच घाव बसतो. नाताळला आणि ईस्टरला नवे कपडे घालून येणाऱ्या आपल्यातल्या किती जणींचं हे दुःख आहे, ते तुम्हाला ठाऊक असेलच. एलकानाचं हन्नेवर प्रेम आहे. तो म्हणतो, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? भला माणूस आहे, पण हन्ना त्याला काहीच उत्तर देत नाही. ती उठते आणि देवापुढे जाते.

तिथे याजक एली तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघतो आणि तिला दारू चढली आहे असं समजतो. देवाच्या दारात, देवाच्या सेवकाकडून असा अपमान! आपल्यातली एखादी रडत घरी गेली असती आणि पुन्हा आली नसती. हन्ना त्याला उत्तर देते. आदराने देते, पण देते. मी प्यालेली नाही, मी दुःखी बाई आहे, परमेश्वरापुढे मन मोकळं करत होते. मला अधम समजू नका. इथे मूळ इब्री भाषेत ‘बलियाल’ हा शब्द आहे. पुढच्याच अध्यायात तोच शब्द एलीच्या स्वतःच्या मुलांना, होफनी आणि फिनहासला लावलेला आहे. शास्त्र लिहिणाऱ्याने तो उगीच दोनदा वापरलेला नाही. आणि एलीचंही भलेपण बघा. तो आपला शब्द मागे घेतो आणि तिला आशीर्वाद देतो. पाळकांच्या सभेत बोलायची वेळ आली तर मी एवढं एकच वचन घेऊन बोलेन.

आता १८वं वचन. हन्ना परत गेली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही.

हे कधी घडलं? शमुवेल अजून पोटातसुद्धा नाही. एलीने आशीर्वाद दिला खरा, पण ती काय मागत होती हे त्याला माहीतही नव्हतं. घरी पनिन्ना तशीच आहे. बाहेरचं काहीच बदललेलं नाही, तरी ती जेवते. ज्या मुलासाठी तिने अन्न सोडलं होतं ते अजून मिळालेलं नाही आणि तिचा चेहरा उजळतो. तिचं दुःख आता तिच्या एकटीकडे राहिलेलं नाही, ते देवाच्या पुढ्यात ओतून झालं आहे.

मी बायकांना हन्ना अशी सांगायला हवी होती. मूल मिळालं ही देवाची कृपा. पण हन्नेचा विश्वास मूल मिळण्याने सिद्ध झाला असं नाही. तो १८व्या वचनातच पुरा दिसतो. म्हणजे मग मूल न झालेल्या भगिनीलाही हन्नेच्या शेजारी जागा आहे. तुम्ही या विषयावर काहीही बोला, ताई, पण या स्त्रियांच्या गोष्टी ‘असं केलं की असं मिळतं’ या रीतीने सांगू नका. त्या रीतीने सांगितलेली गोष्ट ज्यांना मिळालेलं नाही त्यांना दारातून परत पाठवते.

आणखी एक. पुढे हन्नेने दूध तोडल्यावर शमुवेलला त्याच मंदिरात आणून ठेवलं, जिथे होफनी आणि फिनहास वाईट चालीने वागत होते. ती दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची. दर वर्षी मापात किती वाढ धरायची, हे तिला अंदाजाने ठरवावं लागत असेल. मुलं वसतिगृहात ठेवलेल्या आयांना हा झगा कळतो. त्यावर फार स्पष्टीकरण देऊ नका, फक्त वाचा.

आता रूथ. लग्नाच्या उपासनेत “तू जाशील तिथे मी येईन” ही वचनं वाचतात. वधूवरांनी एकमेकांना म्हटल्यासारखी. खरं तर ती एका विधवा सुनेने विधवा सासूला म्हटलेली आहेत, मवाबाहून येताना, रस्त्यात. आपल्या बायकांना हे नुसतं सांगितलं तरी खोलीत शांतता पसरते. सासू-सुनेच्या नात्यावर शास्त्रात असं काही आहे, हे कुणी त्यांना कधी सांगितलेलंच नसतं.

पण मला त्या गोष्टीत सासूजवळ, नामीजवळ जास्त वेळ थांबावंसं वाटतं. बेथलेहेमला पोचल्यावर बायका विचारतात, ही नामीच का? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. कारण सर्वसमर्थाने माझं जीवन कडू केलं. भरलेली गेले होते, रिकामी परत आले. रूथ शेजारीच उभी आहे, आणि सासू म्हणते, मी रिकामी आले! दुःखात माणसाला शेजारचं माणूस दिसत नाही. शास्त्र नामीला त्याबद्दल एका शब्दाने दटावत नाही. शेवटी शेजारणीच तिला सांगतात की सात मुलांपेक्षा ही सून तुला जास्त आहे. तुमच्या मंडळात ज्या विधवा आहेत त्यांना “असं बोलू नये, देवावर विश्वास ठेवा” हे ऐकून कंटाळा आला असेल. नामीने देवाबद्दल तक्रार केली ती देवाचं नाव घेऊन, चारचौघींत. तीही विश्वासू स्त्रियांच्या यादीत आहे.

शेतात जाणाऱ्या बायकांसाठी दुसरा अध्याय ठेवा. सरवा वेचणं म्हणजे काय हे त्यांना तुम्हाआम्हापेक्षा चांगलं माहीत आहे. लेवीय १९मध्ये नियम आहे की शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाला आणि परक्याला राहू द्या. म्हणजे रूथ भीक मागत नव्हती. देवाने दिलेला हक्क घेत होती, आणि उन्हात वाकून, दिवसभर कष्टून घेत होती. शेताचा मालक बवाज पोरांना बजावतो की तिला हात लावू नका, आणि नामीही म्हणते की दुसऱ्याच्या शेतात गेलीस तर त्रास होईल. शेतात एकट्या बाईला काय भीती असते ते शास्त्राला माहीत आहे. दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणाऱ्या भगिनीला हे सांगा आणि मग तिलाच बोलू द्या.

दबोरा आणि एस्तेर मी पहिल्या फेरीत घेत नाही. त्यांच्यावर बोलायला सोपं जातं, पण बायकांना वाटतं की विश्वास ही राण्यांची आणि न्यायाधीशांची गोष्ट आहे. त्यापेक्षा निर्गम १मधल्या दोन सुइणी घ्या, शिप्रा आणि पुवा. फारोने हुकूम सोडला की इब्री बाईला मुलगा झाला तर मारा. त्यांनी देवाचं भय धरलं आणि मुलांना जगू दिलं. त्या अध्यायात मिसर देशाच्या राजाचं नाव दिलेलं नाही, सुइणींची नावं मात्र दिली आहेत. मुलगी नको म्हणून सुनेवर दबाव आणणारी घरं आपल्या आजूबाजूला, आपल्या मंडळ्यांतही आहेत. एका नर्स भगिनीने मला सांगितलं होतं की ही दोन नावं तिने आपल्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत.

आता ज्या विषयावर मी सगळ्यात जास्त आग्रहाने बोलते तो. तुम्ही लिहिलंत की आजवर ‘सोसा’ एवढंच ऐकलं. तुमच्या पंचवीस-तीस बायकांत निदान एखादी अशी असेल जिच्या घरी दारू आहे आणि हात उगारला जातो. तिने आजवर जे संदेश ऐकले त्यांतून तिला कळलं की मार खाणं हाच तिचा क्रूस. तिला अबीगईल सांगा.

१ शमुवेल २५. तिचा नवरा नाबाल ३००० मेंढरांचा धनी, स्वभावाने कठोर. पुढे राजा झालेल्या दाविदाच्या माणसांनी रानात त्याच्या मेंढपाळांना सांभाळलं होतं, आणि लोकर कातरायच्या दिवशी त्याने त्यांना हाकलून दिलं. दावीद ४०० माणसं घेऊन तलवारी लावून निघाला. चाकराने हे अबीगईलला सांगितलं. तिने काय केलं? २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचं तयार मांस, पाच मापं हुरडा, मनुकांचे १०० घड, अंजिरांच्या २०० ढेपा गाढवांवर लादल्या आणि वाटेला लागली. शास्त्र सरळ लिहितं की तिने नवऱ्याला हे सांगितलं नाही. दाविदापुढे तिने नवऱ्याचा मूर्खपणा झाकला नाही. नाबाल या नावाचा अर्थच मूर्ख, असं ती म्हणाली. दाविदालाही तिने अडवलं: आपल्या हाताने सूड घेऊन रक्ताचा डाग लावून घेऊ नका. परत आली तेव्हा नाबाल पिऊन तर्र होता. रात्री ती काही बोलली नाही. नशा उतरल्यावर, सकाळी सांगितलं. दारुड्याच्या घरात राहणाऱ्या कुठल्याही बाईला ही शहाणीव ओळखीची वाटेल.

दाविदाने देवाचं नाव घेऊन तिच्या समंजसपणाला धन्य म्हटलं. तिने नवऱ्याची परवानगी घेतली नाही म्हणून शास्त्र तिला दोष देत नाही. एका माणसाच्या दुराग्रहापायी घरातली सगळी माणसं मरणार होती, आणि ती वेळेत उठली. एवढं बोलून झालं की मी फळ्यावर १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक लिहिते आणि सांगते की घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५चा कायदा आहे, मारहाण लपवणं हा विश्वासाचा भाग नाही. काही जणांना हे वचनाच्या सभेत शोभत नाही असं वाटतं. मला पूर्ण खात्री आहे की शोभतं. सभेनंतर थोडा वेळ एकट्या बसून राहा. कुणीतरी येईल. ती आली की लगेच सल्ला देऊ नका, पूर्ण ऐका, आणि तिची गोष्ट दुसऱ्या सभेत उदाहरण म्हणून कधीही सांगू नका.

नव्या करारात मार्थेपासून सुरुवात करा, कारण तिच्यावर आपण फार अन्याय करतो. मरीया प्रभूच्या पायांशी बसली, मार्था स्वयंपाकात अडकली, म्हणून मरीयेसारख्या व्हा. हे ऐकून ज्यांनी सकाळपासून सभेचा चहा आणि पोहे केलेले असतात त्या भगिनी मान खाली घालून भांडी उचलतात. लूक १० नीट वाचलं तर प्रभू कामाला नावं ठेवत नाही. तिची काळजी आणि दगदग तो बोलून दाखवतो. मग योहान ११ उघडा. लाजर मेलेला आहे. मरीया घरात बसून राहिली, मार्था उठून प्रभूला सामोरी गेली. “आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता,” असं तोंडावर म्हणाली. आणि त्याच संभाषणात तिने कबुली दिली: आपणच देवाचे पुत्र ख्रिस्त आहात. पेत्राने दिली त्या तोडीची कबुली! तिच्यावर किती संदेश होतात? पुढे योहान १२मध्ये, वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी, बेथानीत पुन्हा जेवण आहे आणि तिथे लिहिलंय की मार्था वाढत होती. या वेळी तिची तक्रार नाही, प्रभूचं दटावणं नाही. काम तेच आहे. वाढणारी मात्र आतून शांत झाली आहे.

शोमरोनी स्त्रीला एक पूर्ण आठवडा द्या. सूखार गावाबाहेर याकोबाची विहीर, भर दुपार, आणि यहूदी गुरू एका शोमरोनी बाईजवळ पाणी मागतो. यहूदी शोमरोनी लोकांशी संबंध ठेवत नसत. पाच नवऱ्यांमुळे तिला सरसकट वाईट चालीची ठरवतात. योहानाने तसा शब्द वापरलेला नाही. त्या काळी बाईला सोडून देणं पुरुषाच्या हाती होतं, आणि मरणं कुणाच्याच हाती नव्हतं. पाच वेळा काय घडलं ते आपल्याला सांगितलेलं नाही. प्रभूने तिचं आयुष्य तिच्यापुढे उघडं केलं, पण तिला हिणवलं नाही. उलट उपासना कुठे करावी हा तिचा प्रश्न मनापासून घेतला. ती घागर तिथेच टाकून गावात गेली. पाणी भरणाऱ्या बाईने घागर विसरणं म्हणजे काय, हे तुमच्या मंडळातल्या जुन्या बायकांना विचारा.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय मी पुढे जात नाही. इंग्लंडला गेल्यावर वाँटेजच्या भगिनींनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती संन्यासिनींनी, त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं सेवाकेंद्र दाखवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे प्रेमाने वागवत होते. हे ख्रिस्ती लोक असं का करतात, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. योहानाचा हाच चौथा अध्याय वाचून हिंदुस्थानातल्या दीन स्त्रियांना उचलून धरणारा तारणारा हाच, असं आपल्याला पटलं, हे रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. १८८३मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभं राहिलं. साध्या बायकांना वाचता यावं म्हणून त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं, आणि १९२२मध्ये जाईपर्यंत त्या कामाला वाहून घेतलं. विहिरीवरच्या एका बाईची गोष्ट केडगावच्या माळापर्यंत पोचली ती अशी. आपल्या बायकांना हा दुवा माहीत असायला हवा. ही त्यांची वारशाने आलेली गोष्ट आहे.

बाकीच्या जणींवर धावती नजर टाकली तरी चालेल. मग्दालीया मरीयेला वेश्या म्हणू नका. शास्त्रात तसं कुठेही नाही, ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला लूक ७मधल्या पापी स्त्रीशी एक केलं आणि तो समज पसरला. लूक ८ सांगतो की ती, योहान्ना, सुसान्ना आणि इतर बायका स्वतःच्या पैशांतून प्रभूचा आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या. लुदिया जांभळ्या कापडाचा व्यापार करत होती. फिबीला पौलाने जो ‘सेवक’ या अर्थाचा ग्रीक शब्द लावला तोच त्याने स्वतःलाही लावला आहे. आणि यापोची दुर्कस: ती वारल्यावर विधवांनी रडत रडत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवले. मंडळीत शिवणवर्ग चालवणाऱ्या भगिनीला त्या दिवशी पुढे बोलवा आणि ते वचन तिच्याकडून वाचून घ्या.

चार आठवड्यांत हे सगळं मावणार नाही. निवडायचं तर हन्ना, रूथ आणि नामी, अबीगईल, शोमरोनी स्त्री, या क्रमाने घ्या. प्रत्येक वेळी आधी अख्खा उतारा मोठ्याने वाचा, तोही तीन-चार जणींच्या आवाजात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गोष्ट पुन्हा स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. मला आजवर सगळ्यात चांगले संदेश त्यांच्याकडूनच मिळाले आहेत. ‘या स्त्रीकडून आपण काय शिकतो?’ हा प्रश्न लगेच टाकू नका. त्याचं पाठ केलेलं उत्तर येतं: नम्रता, सहनशीलता, प्रार्थना. त्याऐवजी विचारा, ही इथे काय म्हणाली? तुम्ही असता तर म्हणाला असता का? कुणाला म्हणाला असता?

ती मागच्या रांगेतली भगिनी काही महिन्यांनी परत आली. मी तिच्या घरी जाऊन तिची क्षमा मागितली होती. तिला मूल झालं नाही. गेली कितीतरी वर्षं मंडळात हन्नेचा अध्याय वाचायची पाळी तीच मागून घेते.

तुमच्या पहिल्या सभेत १ शमुवेल १ वाचाल तेव्हा १८व्या वचनाशी थांबा. ती जेवली, तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तिथेच पुस्तक मिटा, थोडा वेळ शांत बसू द्या, मग प्रार्थना करा आणि बायकांना घरी जाऊ द्या. १९वं वचन पुढच्या आठवड्यात वाचा.